कीर्तनाचं काढलेलं प्रकरण

कीर्तनाच्या पीएच.डी.च्या जाहीर मुलाखतीला, म्हणजे व्हायवाला, मी पहिल्या रांगेत होतो. तिथे चढलेला संताप अजून उतरलेला नाही.

कीर्तना ही तमिळ मुलखातल्या, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतली पोर. घरात मराठी, दारात तमिळ. महिला कॉलेजात ती तात्पुरत्या जागेवर भौतिकशास्त्र शिकवते आणि उरल्या वेळी पल्सारच्या मागे असते. पल्सार म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. दर फेरीला त्याचा रेडिओ-ठोका आपल्याकडे येतो. त्या लहरींना डोलण्याची दिशा असते, तेच ध्रुवीकरण. खालच्या वारंवारतेला ते ठळक दिसतं, वरच्या वारंवारतेला मावळतं. का मावळतं, हा तिचा विषय.

तिचे मार्गदर्शक सर हजारो ठोके मिळवून सरासरी काढायचे. हिने एकेक ठोका सुटा पाहिला. वरच्या वारंवारतेलाही ठोक्यांना पक्की दिशा होती, पण काही उभे डोलत, काही आडवे. बेरजेत एकमेकांना खाऊन टाकत. मी जुना नाटकवाला, मला लगेच पटलं. रंगमंचावर निम्मा जमाव 'जय' ओरडला आणि निम्मा 'धिक्कार', तर मागच्या रांगेला नुसता गलका ऐकू जातो. म्हणून काय नट मुके?

सरांना मात्र धास्ती. "परीक्षक खोदत बसतील. हे प्रकरण प्रबंधातून काढून टाक, पदवी घे." पदवीवर कायमची नोकरी अडलेली. तिने काढलं.

आमच्याकडे मुलाखत म्हणजे लग्नघरच. तिची आई भुवनेश्वरी पहाटेपासून केसरी शिरा आणि वड्यांसारखे बोंडे करत होती. बाहेरगावच्या परीक्षक जननी मॅडमनी विचारलं, "वर ध्रुवीकरण का कमी होतं?"

उत्तर सरांनीच ठोकलं, "ताऱ्यातच कमी असतं, मॅडम."

कीर्तनाने लॅपटॉप पुढे ओढला. मग म्हणाली, "नाही मॅडम. प्रत्येक ठोक्यात असतं. आपण बेरीज करून घालवतो." आणि तिने लॅपटॉपवर सुटे ठोके दाखवले.

"हे प्रबंधात नाही!" सर गरजले.

"तुम्हीच काढायला लावलंत, सर."

"बोलू द्या तिला!" मी उठून ओरडलो. भुवनेश्वरीने माझं वेष्टी-धोतर ओढलं. "मामा, बसा! हे नाटक नव्हे."

नाटकात खलनायकाला निदान लाज असते! परीक्षकांनी ठरवलं: प्रकरण घालून प्रबंध पुन्हा द्या, मुलाखत पुन्हा. म्हणजे कॉलेजातली यंदाची कायमची जागा गेली. आणि बोंडा खात सर सगळ्यांना सांगत होते, "कल्पना मूळ माझीच. शोधनिबंध आम्हा दोघांच्या नावाने छापणार."

कीर्तनाने त्यांना केसरी वाढली. "घ्या सर. निबंधावर तुमचं नाव येणार नाही."

"माझ्याविना नव्या प्रबंधावर सही कोण करेल?"

"जननी मॅडम आत्ताच म्हणाल्या, दुसरा मार्गदर्शक मागता येतो."

सर बशी ठेवून निघाले. ती जागा परवा दुसऱ्याला मिळाली. भुवनेश्वरी मला म्हणते, तुम्हीच तिला चढवलंत. खोटं आहे. पण चढवलं असतं, तर अभिमानाने सांगितलं असतं.