पुसलेली रेघ

आमच्या वेधशाळेत एक बाई होती, तिला आम्ही खोडरबर म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं आणि चांगलं चिकटलं. ताऱ्याचा प्रकाश यंत्रातून फोडला की वर्णपटाचा आलेख निघतो. त्यातल्या उपऱ्या रेषा, म्हणजे आपल्या आकाशाच्या, ताऱ्याच्या दीर्घिकेच्या, बाईने पुसायच्या. पुसलेल्या ठिकाणी ती जागा मोकळी सोडायची, पुढच्याला कळावं म्हणून. आम्ही त्याला फाटका आलेख म्हणून हसायचो.

अठरा वर्षं तिचा दरसाल नवा करार. घरी अंथरुणाला खिळलेली आई. यंदा साहेब म्हणाले होते, हा शोधनिबंध छापून आला की तुम्हाला कायम करतो.

निबंध एका सुपरनोव्हावर होता. नेहमीच्या स्फोटांहून पन्नासपट उजळ. साहेबांचं म्हणणं, या ताऱ्यात हायड्रोजनचा टिपूसही उरला नव्हता, आत गरगरणारा चुंबकी गोळा त्याला पेटता ठेवतोय. आणि बाईला नेमकी हायड्रोजनची बारीक रेघ दिसली.

"दीर्घिकेची असेल, पुसून टाका," साहेब म्हणाले.

"दीर्घिकेची रेघ तीन आठवड्यांत बदलत नाही, साहेब. ही उतरतेय, आणि बुडाशी पसरट आहे. ताऱ्याने फुटायच्या आधीच अंगावरचा वायू फेकला होता, स्फोट त्यावर जाऊन आदळलाय. हा उजेड त्या टकरीचा आहे."

बाईचं बरोबर होतं, मला तिथल्या तिथे कळलं. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम पुसायचं. वाचायला आम्ही आहोत." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

तिने रेघ पुसली नाही. दुपारी आईला औषध द्यायला घरी गेली, कॉम्प्युटर उघडाच ठेवून. साहेबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. माझी बढती दोन वर्षं अडली होती. मी तिच्या खुर्चीत बसलो, रेघ पुसली आणि टोकाला टोक जोडून दिलं.

निबंध गाजला. पाच आठवड्यांनी दुसऱ्या वेधशाळेने तीच रेघ जगापुढे ठेवली आणि साहेब तोंडघशी पडले. खापर फोडायला डोकं हवंच होतं. नोंद काढली तर पुसणाऱ्याचं नाव बाईचं.

बैठकीत ती आलेखाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पुसते तिथे जागा मोकळी सोडते. अठरा वर्षांतला कुठलाही कागद काढा. इथे जोडलंय. हे माझं काम नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी बसता. काय म्हणता?"

मी म्हणालो, "आईच्या दुखण्यापायी बाईंचं हल्ली लक्ष नसतं."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. आईचं नाव मध्ये आणायला नको होतं, एवढंच म्हणाली. संध्याकाळी डबा, चष्मा आणि खुर्चीवरची उशी घेऊन गेली.

निबंधाची दुरुस्ती निघाली. टकरीचा सगळा उलगडा तिच्याच शब्दांत होता, साहेबांच्या नावावर. शेवटच्या आभारांत तिचं नाव अजून तसंच होतं, ते काढायचं काम माझ्याकडे आलं. मी नाव काढलं, आणि मधे जागा दिसायला नको म्हणून पुढचे शब्द अलीकडे ओढून घेतले.