तीन घोड्यांचा पंप

माझा मामा पोहण्याच्या तलावांचे पंप आणि मोटरी सांभाळायचा. सत्तावीस वर्षं त्याने एका क्लबच्या तलावाशेजारी, चार पायऱ्या उतरून जायच्या मशीनच्या खोलीत काढली. क्लोरीनचा वास, ओली फरशी आणि दिवसभर चालणारी घरघर. पोहायला येणारी मुलं त्याला घरघरमामाच म्हणत. रोज सकाळी तो गाळणीची टोपली काढून त्यातली पानं आणि केसांचे पुंजके साफ करायचा, सील गळतंय का ते बोटाने चाचपायचा, आणि मोटर सुरू झाली की तिच्या पाठीवर तळहात ठेवून उभा राहायचा. मामी म्हणायची, "माझा ताप ह्यांना थर्मामीटर लावल्याशिवाय कळत नाही. मोटरचा मात्र नुसत्या हाताने कळतो."

एका उन्हाळ्यात ती जुनी दीड हॉर्सपॉवरची मोटर जळाली. क्लबच्या सेक्रेटरीने तिच्या जागी तीन हॉर्सपॉवरचा पंप आणला. माणूस वाईट नव्हता. पाणी गढूळ दिसतं म्हणून सभासद रोज त्याचं डोकं खात होते.

मामाने त्याला समजावलं. पाइप बारीक आहेत, गाळणी लहान आहे, त्यामुळे मोठ्या पंपाने पाणी नुसतं धावत जाईल, स्वच्छ होणार नाही. शिवाय तळाशी पाणी ओढायला एकच तोंड, त्यावर सपाट जाळी. तिथली ओढ भलतीच वाढेल. सेक्रेटरी हसून म्हणाला, तीन घोडे जुंपलेत, आता पाणी कसं आरशासारखं होतं ते बघा. मामाने पत्रही लिहिलं. तळाशी दुसरं तोंड काढा म्हणजे ओढ वाटली जाईल, फुगीर जाळी बसवा. तलाव रिकामा करू तेव्हा बघू, असं उत्तर मिळालं. मग मामाने पंप बसवला. नेहमीसारखाच चोख बसवला.

त्यानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, नऊ वर्षांची एक मुलगी तळाला हात लावून यायचं म्हणून बुडी मारून खाली गेली. केस लांब होते, मोकळे होते. ते जाळीतून आत ओढले गेले आणि पलीकडे त्यांची गाठ बसली.

मामाला मशीनच्या खोलीत जीवरक्षकाची शिट्टी ऐकू आली. त्याने आधी मुख्य बटण बंद केलं, मगच धावला. पण पंप थांबला तरी गाठ सुटेना. जीवरक्षक तिला खांद्याला धरून ओढत होता. वायर सोलायची सुरी खिशात होती, ती घेऊन मामाने कपड्यांसकट उडी मारली आणि तिचे केस कापले. दवाखान्यात ती दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी गेली.

चौकशी झाली. मामाचं पत्र फायलीत सापडलं आणि त्याच्यावर काही ठपका आला नाही. सेक्रेटरीने राजीनामा दिला. सगळे मामाला म्हणाले, तुम्ही सुटलात. मामाने त्याच आठवड्यात नोकरी सोडली. मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडे राहत होते. तो गॅलरीत बसून राहायचा. जेवायला बोलावलं की यायचा, ताटात जे पडेल ते खायचा.

पावणेतीन महिन्यांनी, एका दुपारी, मुलीची आई आली. दार मीच उघडलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मामा शेजाऱ्याचा पाण्याचा पंप खोलत होता. तो उठायला लागला तर बाई म्हणाल्या, बसा, आणि स्वतःही त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"तुमचं पत्र मी वाचलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं."

"असं होईल हे नव्हतं माहीत. होऊ शकतं, हे माहीत होतं."

"मग बसवलात कशाला?"

मामाने हातातला पाना वर्तमानपत्रावर ठेवला. मग म्हणाला, "मी नाही बसवला तर दुसरा कोणीतरी बसवेल, असं वाटलं. पण बसवला मीच."

बाईंनी समोरच्या पंपाकडे बोट दाखवलं आणि हे कसं चालतं ते विचारलं. मामाने आतलं पात्यांचं चाक काढून त्यांच्या हातावर ठेवलं. ते फिरलं की पाणी बाहेर फेकतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत मागचं पाणी ओढून घेतं, असं त्याने शाळेतल्या मास्तरांसारखं हळूहळू सांगितलं. त्या चाक बोटाने फिरवत राहिल्या.

"जुना पंप असता तर वाचली असती?"

मामी चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"बहुतेक वाचली असती," मामा म्हणाला.

बाईंनी चाक वर्तमानपत्रावर ठेवलं, पदराने हात पुसले आणि निघून गेल्या. चहा तसाच राहिला. संध्याकाळी मामी त्याला म्हणाली, "एवढं एक खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" मामा म्हणाला, "तेवढं एकच विचारायला ती आली होती." त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांनी मामाला माफ केलं की नाही, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढे मामाने तलावांची कामं पुन्हा घ्यायला सुरुवात केली, पण माणूस पार बदलला होता. कोणी नवा पंप निवडून द्या म्हटलं की तो पंपाचं नावही काढायचा नाही. पाण्याचं माप घ्यायचा, पाइप किती जाड ते बघायचा, आणि तळाशी दोन तोंडं, नीट जाळ्या नसतील तर मोटरला हात लावायचा नाही. काहींनी ऐकलं. बऱ्याच जणांनी म्हातारा खुळावलाय म्हणून दुसरा मेकॅनिक बोलावला. तेव्हा तो घरी न येता दोन-दोन तास त्यांच्या फाटकाशी उभा राहायचा, आणि मालक बाहेर आला की पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागायचा. एकदा पोलिसांनी त्याला तिथून हटवलं.

मी नोकरीला लागले त्या वर्षी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने त्याचं सगळं म्हणणं मान्य केलं. तळ फोडून दुसरं तोंड काढलं, लहान पंप लावला. तलाव सुरू होणार त्या दिवशी तिने मामाला मुद्दाम बोलावलं, मीही बरोबर गेले. मुलांनी धडाधड उड्या मारल्या. मामाने माझा दंड घट्ट धरला आणि पाण्याखाली गेलेलं एकेक डोकं वर येईपर्यंत मोजायला लागला. अकरा डोकी मोजली. मग म्हणाला, "चल बाळ, मला नाही जमत," आणि भाषण सुरू व्हायच्या आत आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो.