कूलरचं पाणी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या एका कंपनीत मी तांत्रिक विभागाचा प्रमुख होतो. आम्ही बँकांच्या हिशेबाची सॉफ्टवेअर बनवायचो. कळंबच्या एका सहकारी बँकेनं संगणक घेतला, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. माझं गाव तिथून जवळ, थोरली बहीण तर कळंबातच दिलेली. आपल्या माणसांत जरा मिरवता येईल, असंही मनात होतंच.

त्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले होते. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची. बँकेत मात्र संगणकाची खोली गार ठेवणं भाग होतं. व्होल्टेज पुरत नव्हतं म्हणून एसी चालेना, मग पाण्याचा कूलर लावला. तो घटाघटा पाणी प्यायचा. त्यासाठी मागच्या टाकीत बँकेचा वेगळा टँकर यायचा.

एका दुपारी तो टँकर रांगेसमोरून न थांबता बँकेच्या मागं गेला. थोड्याच वेळात बायका रिकाम्या घागरी घेऊन आत शिरल्या. सगळ्यांत पुढं माझी बहीण होती.

मॅनेजर उठले. "बाहेर व्हा. पोलिसांना बोलवायला लावू नका."

बहिणीनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. संगणकाच्या खोलीच्या दारात येऊन तिनं मला विचारलं, "हे पाणी कुणाला लागतंय रं?"

"मशीनला, अक्का. तापलं तर बिघडतं."

"सासूबाई तापानं फणफणल्यात. कपाळावर पट्टी ठेवायला घरात पाणी न्हाय. तूच सांग, म्या काय करू?"

मागून एकीनं विचारलं, "ह्यो तुझा भाऊ व्हय?"

बहिणीनं माझ्यावरची नजर काढली आणि रिकामी घागर दुसऱ्या कमरेवर घेतली. ते मला फार लागलं.

मॅनेजरांचा हात फोनकडं गेला होता. मी म्हणालो, "साहेब, टँकर गल्लीत पाठवा."

"आणि मशीनला काही झालं तर?"

"जबाबदारी माझी."

टँकर रोज गल्लीत जाऊ लागला आणि कूलर बंद झाला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उजाडताच काम सुरू करायचो आणि ऊन चढायच्या आत मशीन बंद करायचो. पुण्याहून डायरेक्टरांचा ट्रंककॉल आला. "मशीन जळालं तर तुमच्या पदाचं मला काही सांगता येणार नाही," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. मी सारखा मशीनच्या पाठीला हात लावून बघायचो. त्याच्या पंख्याचा आवाज जरा बदलला तरी कान लावून ऐकत बसायचो.

आठवडाभर निभावलं. मग एका सकाळी आतून खरखर ऐकू आली आणि पडदा काळा झाला. सगळे हिशेब साठवलेली डिस्क गेली होती. कारकुनांनी भरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागणार होतं. त्यांच्याकडं बघायची मला हिंमत होईना. दुपारीच पुण्याला परत बोलावल्याचा निरोप आला. माझ्या जागी माझ्या हाताखालचा एक जण येणार होता. पुढं बरीच वर्षं मी त्याच्याच हाताखाली काम केलं.

निघण्याआधी बहिणीकडं गेलो. सासूबाई उठून बसल्या होत्या, भिंतीला टेकून पेज पीत होत्या.

"नोकरी गेली का?" बहिणीनं हळू आवाजात विचारलं.

"न्हाय. खुर्ची गेली."

तिनं आत जाऊन ताट वाढलं, आणि माझं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली.