वीस बटणं आणि माझं रक्त

माझ्या मोठ्या मेव्हणीच्या टेबलावर सूक्ष्मदर्शकाशेजारी दोन वाट्या असायच्या. एकीत वीस बटणं, दुसरी रिकामी. बटणं तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या साडूच्या, जुन्या शर्टांची. साडू म्हणायचा, माझे चांगले चांगले शर्ट मलेरियात गेले.

ताई दवाखान्यात रक्त तपासायची. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरून रंगवायचा आणि त्यात हिवतापाचा जंतू शोधायचा, हे काम तिनं चौतीस वर्षं केलं. सूक्ष्मदर्शकातून काचेचा जेवढा गोल तुकडा एका वेळी दिसतो त्याला ती घर म्हणायची. दहा घरं मनात मोजून झाली की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. वीस बटणं म्हणजे दोनशे घरं. तेवढी पाहिल्याशिवाय ‘जंतू नाही’ असं ती लिहायची नाही. मध्ये कुणी बोललं आणि आकडा चुकला की सगळी बटणं परत पहिल्या वाटीत. तिच्या खोलीत मोठे डॉक्टरसुद्धा चवड्यांवर चालायचे.

आणि मी पडलो बोलका. ट्रक चालवणारा माणूस, दिवसदिवस एकटा असतो, मग माणूस दिसलं की तोंडाचा पट्टा सुरू. ताईचं आणि माझं त्यामुळे पहिल्यापासून वाजलेलं. लग्न ठरण्याआधी तिनं सगळ्यांदेखत माझी खालची पापणी ओढून पाहिली होती आणि बहिणीला सांगितलं होतं, ‘रक्त बरं आहे, बडबड जास्त आहे.’ मी ते अजून विसरलेलो नाही.

तर ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. जंगलातल्या खाणीकडे माल पोचवून आलो आणि बारा दिवसांनी ताप चढला. हुडहुडी भरायची, मग घाम, मग एकदम ठणठणीत. तापाच्या गोळ्या खात मी पाच दिवस रेटले. सहाव्या दिवशी दुपारी मला लांबच्या खेपेवर निघायचं होतं. तीन दिवसांचा रस्ता, अर्धा घाटातला, आणि गाडीत मी एकटा. आमचा मॅनेजर अडून बसला. रक्त तपासल्याचा कागद आणा, मगच किल्ली मिळेल. मी म्हटलं, त्यात काय, कागद घरचाच आहे.

सकाळीच ताईकडे गेलो. खोलीबाहेर बूट काढायचे, हा तिथला नियम. बोट टोचून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसलो. ती मोजायला लागली. एक बटण, दोन बटणं. मी खाणीच्या रस्त्याबद्दल सांगत होतो, तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एकोणीस बटणं पलीकडे गेली, काही सापडलं नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी म्हटलं, “ताई, एकच राहिलं की. सोडा आता, लिहून टाका.”

झालं. तिचा आकडा चुकला. तिनं एकोणीसच्या एकोणीस बटणं परत ओतली, काच फिरवली आणि दुसऱ्या टोकापासून पुन्हा सुरुवात केली. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! घड्याळ पुढे चाललेलं आणि ही बाई बटणं खेळतेय.

सातव्या बटणाला तिचा हात थांबला. बराच वेळ ती एकाच जागी बघत राहिली. मग म्हणाली, कागद मिळणार नाही, दुपारी पुन्हा रक्त घेईन. मी विचारलं, जंतू दिसला का? नाही म्हणाली. मग कागद का नाही? तर म्हणे, एका पांढऱ्या पेशीच्या पोटात काळा दाणा दिसला.

आता दाण्यासाठी खेप सोडायची? मी नाही नाही ते बोललो. ती शांतपणे समजावत होती. जंतू लाल पेशीत शिरतो आणि आतला लाल ऐवज खातो. त्यातलं त्याला जे पचत नाही त्याचा काळा दाणा होतो. पेशी फुटली की पांढऱ्या पेशी तो दाणा गिळतात. म्हणजे जेवणारा येऊन गेला, नुसतं खरकटं दिसतंय.

“मग जेवणारा गेला कुठे?” मी विचारलं.

“वाईट जातीचा असेल तर लपलाय,” ती म्हणाली. “चांगली लाल पेशी मऊ असते, बारीक नळीतूनही अंग चोरून जाते. हा आत वाढला की ती ताठर होते. तशीच फिरली तर रक्त गाळणारी पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिला पकडेल. म्हणून तो पेशीला बाहेरून बारीक बारीक उंचवटे आणतो आणि ती नळीच्या भिंतीला चिकटून बसते. बोटातल्या रक्तात मग सापडत नाही. चिकटलेल्या पेशी फुटल्या की नवी पिल्लं बाहेर पडतात आणि दुसऱ्या पेशींत शिरतात. ती दिसतात. म्हणून दुपारी.”

अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंना ट्रक लावून ठेवले तर मागच्यांचं काय होतं ते मला कुणी सांगायला नको. तरी मी ऐकलं नाही. दुसरीकडून कागद आणतो म्हणून तणतणत उठलो. दारात बघतो तर बूट गायब. मी बोलण्याच्या भरात असताना ताईनं ते उचलून रसायनांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं आणि किल्ली पदराला. अनवाणी माणसाला मॅनेजर ट्रकजवळही उभं करत नाही, हे मीच तिला कधीतरी बडबडीत सांगितलेलं.

दुपारी तिनं दुसरं बोट टोचलं. या वेळी एक बटणही हललं नाही. पहिल्याच घरात पेशींत बारीक अंगठ्यांसारखे जंतू, एकेका पेशीत दोन-दोन. घरच्या माणसाचं आपण एकट्यानं ठरवायचं नाही म्हणून तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि मला थेट खाटेवर झोपवलं. सुईतून औषध सुरू झालं.

संध्याकाळी म्हणे मी सलाइनच्या दांड्याला गिअर समजून ओढत होतो आणि नर्सला सांगत होतो, बाजूला हो, उतार आहे. बायको अजून त्याची नक्कल करते आणि सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खेपेवर गेलो असतो तर त्या वेळी मी घाटात असतो, आणि हातात खरा गिअर असता.

बरा झालो. पुढे ठरलेल्या दिवशी रक्त तपासायला जात राहिलो. शेवटची तपासणी अठ्ठाविसाव्या दिवशी. या वेळी बायकोही आली होती, माझ्याशेजारी उभी. मी तोंडाला कुलूप घातलेलं. पाच बटणं गेली, दहा गेली. घर साफ, घर साफ. पंधराव्या बटणाला बायकोनं माझा खांदा घट्ट धरला. ताईच्या कपाळावर घाम होता. या बाईला मी काय काय बोललो होतो ते सगळं आठवलं. अठरावं बटण पलीकडे पडलं आणि मला रडू फुटलं. मोठ्यानं, लहान मुलासारखं. मला लाज वाटली नाही.

ताईनं डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला, पदरानं पुसला आणि अठराच्या अठरा बटणं पहिल्या वाटीत ओतली.

“आकडा चुकला, भाऊजी,” ती म्हणाली. “पुन्हा एकपासून. आणि या वेळी बोललात तरी चालेल.”

मी खाणीच्या रस्त्याची गोष्ट सुरू केली. ती दोनशे घरं मोजून होईपर्यंत पुरली.