दोन ठिपक्यांमधली जागा

भांडी निथळायला ठेवलेल्या जाळीतली एक ताटली घसरते, ठण्ण वाजते आणि घर पुन्हा गप्प होतं. माझी लेक ओवी कूस बदलते, पण उठत नाही. माझा डावा हात तिच्या मानेखाली अडकलाय, उजवा लॅपटॉपवर आहे. दुपारची झोप तिची, वेळ माझा.

मी साचा उघडून बसलेय. ऑनलाइन विश्वकोशात लढायांवरचे लेख असतात ना, त्यांच्या तळाशी एक चौकट दिसते. त्या युद्धातल्या सगळ्या लढायांची नावं ओळीनं, दोन नावांच्या मधे एक ठिपका. नावावर बोट ठेवलं की त्या लढाईच्या पानावर जाता येतं. नाव निळं असेल तर पान आहे. लाल असेल तर ते अजून कुणी लिहिलेलं नाही. अशा चौकटी, म्हणजे साचे, मी बनवते. हा एकाहत्तरच्या युद्धाचा, मी आणि तात्यांनी मिळून केलेला. तात्या म्हणजे माझे सासरे. फौजेत वायरलेसवर होते. गेल्या दिवाळीनंतर गेले.

पश्चिम आघाडीच्या ओळीत एकच नाव लाल राहिलंय. एका नाल्याचं. तात्यांनी हट्टानं घालायला लावलेलं. "मी सांगीन, तू लिही," म्हणाले होते. मग आज नको, उद्या, असं करत सांगायचं राहूनच गेलं. मी मिळतील ती पुस्तकं पालथी घातली. तो नाला कुठेच नाही. आता साच्याच्या चर्चापानावर एका जुन्या सदस्यानं लिहिलंय : संदर्भ नसल्यास हे नाव आज संध्याकाळी काढत आहे. त्याचं बरोबरच आहे. मीसुद्धा दुसऱ्यांच्या साच्यांतली अशी नावं काढलीत. पण तात्यांनी घातलेलं नाव परक्या माणसानं पुसावं, हे मला सोसवत नाही. आणि ठेवायचं तर तिथे काय झालं ते लिहायला हवं. ते मला माहीत नाही.

कर्सर लुकलुकतो. ओवीचा श्वास माझ्या कोपराला लागतो, जातो, लागतो.

"अक्षर वाढव गो. काय दिसत नाय."

तात्या पलंगाच्या कडेला बसलेत. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. मी दचकत नाही, त्यांना नीट बसता यावं म्हणून पाय आखडून घेते.

"चष्मा कुठाय तात्या?"

"तुझ्या लेकीला विचार. ओव्हर."

फोनवरही ते प्रत्येक वाक्यानंतर असंच ओव्हर म्हणायचे. गॅसवाला बिचारा गोंधळून फोन ठेवायचा.

"ती झोपलीय."

"मग हळू बोल. आणि ते बाहेरचं आत घे, ऊन उतरलं."

आम्ही गॅलरीत आहोत. दोरीवर कपडे नाहीत, लढायांची नावं वाळत घातलीत, प्रत्येकाला दोन चिमटे. लोंगेवाला कडकडीत वाळलंय. बसंतरसुद्धा. मी एकेक काढून खांद्यावर टाकते. लाल नावाला हात लावते तर ते ओलंच. टपटप गळतंय.

"हे अजून वाळलं नाही."

"नाय वाळायचं," तात्या म्हणतात. "कधीचं घातलंय."

पायाखाली फरशी नाही, रेती आहे. गॅलरीचे गज कुठे गेले कळत नाही. समोर कोरडा नाला, पलीकडे ऊस की गवत, काहीतरी उंच. रेतीत ओवीची प्लास्टिकची बादली पडलीय. थंडी आहे. तात्या पंचा काढून माझ्या डोक्यावरून घालतात, ओवीला कानटोपी घालतात तसा.

"तात्या, आज सांगा. संध्याकाळी तो माणूस हे नाव काढणार आहे. इथे कोण लढलं? किती दिवस चाललं?"

"कुणी नाय लढलं."

"म्हणजे?"

"लढाई झालीच नाय इथं."

मला राग येतो. सून म्हणून नाही, साचा बनवणारी म्हणून. "मग लढायांच्या साच्यात का घालायला लावलंत?"

ते बादलीतली रेती मुठीत घेतात आणि पुन्हा बादलीतच सोडतात.

"बाबू घाग होता आमच्यात. खेडचा. पायाला सारखा घाम. आदल्या सांजेला त्यानं मोजे धुतले आणि त्या तिकडच्या झुडपावर टाकले. रात्रभर मग मला शिव्या, तुझ्या त्या खोक्यापायी मला अनवाणी बसावं लागतंय म्हणून."

"तुमच्या खोक्यापायी कसं?"

"सेटवर सारखं येत होतं, हलू नका, हलू नका. मग निरोप आला, लढाई थांबली. मी ऐकला. पहिला मीच. कानावरचं काढलं आणि ओरडलो, संपलं रे, संपलं!" तात्या हसतात. अर्ध्यातच थांबतात. "म्हणून तो मोजे आणायला उठला."

नाला शांत आहे. पलीकडे झुडपावर काहीतरी पांढरं हलतंय.

"खाली सुरुंग होता गो."

मी मूर्खासारखं, पण जे मनात येतं तेच बोलते. "हे साच्यात बसत नाही, तात्या. लढाई नाही. तारखेच्याही बाहेर आहे."

"तेच तर. कशातच बसत नाय."

"मग?"

"कुणीतरी कधीतरी बोट ठेवील, म्हणून घालायला लावलं." ते दोरीकडे हात करतात. आम्ही पुन्हा गॅलरीत आहोत, माझ्या खांद्यावर वाळलेल्या नावांचा ढीग. "काढ ते. दुसऱ्या कुणी काढण्यापेक्षा तू काढ. जागा मात्र बुजवू नको."

"असं चालत नाही. दोन ठिपके शेजारी शेजारी दिसतील. लोक म्हणतील, चूक आहे."

"म्हणू देत."

मी चिमटे काढते. लाल नाव हातात येतं. एवढंसं, मोज्याच्या जोडीएवढं. तात्या ते घेतात, पिळतात, घडी घालतात. मी ओव्हरची वाट बघते. ते म्हणत नाहीत.

हाताला मुंग्या आल्यात. ओवी मानेखालून निसटून उठून बसलीय, केस कपाळाला चिकटलेले. लॅपटॉप माझ्या पोटावर कलंडलाय. पडद्यावर साचा दिसतोय, जतन झालेला. संपादन माझ्या नावावर आहे, आत्ताच्या दुपारचं. पश्चिम आघाडीच्या ओळीत लाल काही उरलेलं नाही. लोंगेवाला, एक ठिपका, थोडी पांढरी जागा, पुन्हा एक ठिपका, बसंतर.

झोपेत बोटं चालली असतील. बाबू घाग नावाचा कुणी होता की नाही, मला ठाऊक नाही. विचारावं असं तात्यांच्या तुकडीतलं कुणी माझ्या ओळखीचं नाही. स्वप्न संदर्भ म्हणून चालत नाही, हे तर मीच नव्या सदस्यांना सांगत असते. जास्तीचा ठिपका खोडायला एक कळ पुरते. मी त्या कळेवर बोट नेते.

ओवी मधे घुसते. तिला ठिपके आवडतात. एकावर बोट ठेवते, दुसऱ्यावर ठेवते, मग दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या जागेवर.

"आई, इथे कोण बसणारे?"