अकारविल्हे इंग्लंड

इंग्लंडात रस्ता चुकणारी माणसं पुष्कळ भेटतात, पण अगदी बरोबर रस्त्यावर असताना केवळ स्पेलिंगसाठी तो सोडून देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते म्हणजे माझे मामेसासरे. बायकोचे सख्खे मामा. बेसिंगस्टोकच्या एका विमा कंपनीत कॉम्प्युटरची नोकरी करून ते निवृत्त झाले. इतकी वर्षं या देशात काढून त्यांना देशाबद्दल एकाच गोष्टीची खरी उत्सुकता होती. गाडीने जाताना एकामागून एक लागणाऱ्या काउंट्यांची, म्हणजे इथल्या जिल्ह्यांची, नावं अकारविल्हे लागतात की नाही? लागली, तर तो रस्ता चांगला. नाही लागली, तर आजूबाजूला कितीही टेकड्या, मेंढ्या आणि जुनी चर्च असोत, मामांच्या लेखी तो रस्ता 'विस्कटलेला'.

आमची पहिली भेट हीथ्रोवर झाली. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलो होतो आणि बरोबर नवी बायको, चार बॅगा आणि सासूबाईंनी हातात दिलेला प्रेशर कुकर होता. हीथ्रोहून बेसिंगस्टोकला एम-थ्री हा मोटरवे सरळ पडतो. सॅटनॅवमधली बाई तसं पोटतिडकीने सांगतही होती. मामांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं आणि गाडी एम-फोरला घातली. ती बिचारी परत फिरा, परत फिरा म्हणत राहिली. मामा मला म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका, जावईबापू. तिला फक्त वेळ कळतो." मग रीडिंगला उतरून, एका ट्रॅक्टरच्या मागे रांगत, आम्ही हॅम्पशरच्या पाटीपाशी आलो. मामांनी गाडी आणखी हळू केली आणि देवळाचा कळस दाखवावा तशी ती पाटी दाखवली. "बर्कशर, हॅम्पशर. आधी बी, मग एच." मला वाटलं, ही इथली पत्ता सांगायची पद्धत असेल. मी "वा" म्हणालो. त्या एका 'वा'च्या जोरावर पुढे कित्येक वर्षं त्यांच्या गाडीतली पुढची सीट माझी झाली.

लंडनला जाताना ते एम-थ्रीने जात, कारण हॅम्पशर मग सरे, म्हणजे एच मग एस. येताना मात्र एम-फोरने, कारण तोच रस्ता उलटा धरला की एस मग एच होतं आणि मामांना रात्री जेवण जात नाही. शेजारच्या इंग्रज गृहस्थाने हे बघून असा समज करून घेतला की या भारतीय माणसाला ट्रॅफिकची काहीतरी आतली बातमी असते. तोही तसाच जाऊ-येऊ लागला. आपला बराच वेळ वाचतो असं तो अजून लोकांना सांगतो.

मामांचे नियम कडक होते. लंडन ही काउंटी नाही, ती गर्दी आहे, सबब धरायची नाही. पाटीवर लिहिलंय तेच नाव खरं. त्यामुळे ईस्ट ससेक्स ई-मध्ये आणि वेस्ट ससेक्स डब्ल्यूमध्ये. सख्ख्या भावंडांची अशी ताटातूट त्यांना बघवत नसे, पण नियम तो नियम. एकदा त्यांच्या मुलीने त्यांना पकडलं. ती इथेच जन्मलेली, त्यामुळे तिला इंग्रजी पाट्या सगळ्या वाचता येतात. "बाबा, पाटीवर तर 'रॉयल काउंटी ऑफ बर्कशर' लिहिली आहे. मग ते आर-मध्ये नाही का जाणार?" मामांनी दोन जंक्शनं जाऊ दिली. मग म्हणाले, "रॉयल ही पदवी आहे. डॉक्टर जोशींना आपण ड-मध्ये शोधतो का?" आणि एक सवलतही त्यांनी स्वतःला दिली होती. ज्या काउंटीत सकाळची आंघोळ झाली, ती धरायची की नाही हे ऐच्छिक.

या सवलतीचा मोठा फटका वॉटफर्डच्या सत्यनारायणाला बसला. बेसिंगस्टोकहून वॉटफर्डला सगळं जग मोटरवेने जातं. मामांनी आंघोळीचं हॅम्पशर सोडून दिलं आणि बर्कशर, बकिंगहॅमशर, हर्टफर्डशर असा नितांतसुंदर मार्ग आखला. तो नदीकाठच्या गावांतून, एका शेतकी प्रदर्शनातून आणि एका इंग्रजी लग्नाच्या वरातीमागून गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा आरती होऊन, जेवणं होऊन, यजमान पातेली घासत होते. मामांनी गार शिऱ्याचा द्रोण हातात घेतला आणि समाधानाने म्हणाले, "बी, बी, एच. आणि दोन बींमध्येसुद्धा ई आधी, यू नंतर." यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिऱ्याकडे पाहिलं.

त्यांच्या मुलीच्या मराठीवरही याचा परिणाम झाला होता. 'चप्पल' तो की ती हे तिला आजही सांगता येत नाही, पण 'अकारविल्हे' हा शब्द ती तीन वर्षांची असल्यापासून बिनचूक म्हणते. एजवेअरच्या रविवारच्या मराठी वर्गात बाईंनी विचारलं, सुट्टीत कुठे गेला होतात? ती म्हणाली, "बाबा मला नेहमी अकारविल्हे नेतो." बाईंना ते कोकणातलं गाव वाटलं. वर्षअखेरीस त्यांनी मामींना विचारलं, तुमचं अकारविल्हे गुहागरच्या अलीकडे की पलीकडे?

मी एकदा चेष्टेत त्यांना सुचवलं की आपण मराठी वर्णमाला लावली तर? सरे, हॅम्पशर. आधी स, मग ह. एम-थ्री येतानाही अगदी क्रमात बसतो. मामांचा चेहरा पडला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "विचार केला. चालणार नाही. काउंट्या त्यांच्या, तर क्रमही त्यांचाच धरला पाहिजे." आणि जरा थांबून, "मोह झाला होता."

हे सगळं कशासाठी, असं पुष्कळांनी विचारलं. लहानपणी काही झालं होतं का, शाळेत हजेरीत नाव शेवटी यायचं का, अशी मानसशास्त्रीय चौकशीही झाली. तसं काही नव्हतं. मामा म्हणत, "बरं वाटतं." मामींनी कारण शोधायचा नाद केव्हाच सोडला होता. त्यांनी फक्त सीमा आखून दिल्या होत्या. "अहो, दूध संपलंय. कोपऱ्यावर जाऊन या. काउंटी ओलांडू नका."

पण मामांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख म्हणजे डॉर्सेट. मुलगी नोकरीसाठी ट्रुरोला, म्हणजे कॉर्नवॉलमध्ये राहायला गेली, तेव्हा आईवडिलांना वाटतं तेवढं वाईट मामांना वाटलं नाही, कारण तिच्याकडून परत येतानाचा रस्ता कॉर्नवॉल, डेव्हन, सॉमरसेट, विल्टशर असा होता. सी, डी, एस, डब्ल्यू. अखंड चार. त्यापुढे हॅम्पशर लागून माळ तुटते, पण घर जवळ आल्यावर माणूस तेवढं सोसतो. अडचण एवढीच, की सॉमरसेट संपून विल्टशर लागायच्या आत ए-थ्री-ओ-थ्री हा रस्ता जेमतेम मैल-दोन मैल डॉर्सेटमध्ये नाक खुपसतो, म्हणजे एसनंतर पुन्हा डी. गाडीत कुणाला शिंक आली तर ते डॉर्सेट निसटून जाईल, इतकंच. पण मामांना कधी शिंक आली नाही. एकदा त्यांनी डावीकडच्या गल्लीबोळांतून डॉर्सेट टाळायचा प्रयत्न केला. तिथे समोरून गवताने भरलेला ट्रॅक्टर आला आणि गाडीचा डावीकडचा आरसा कुंपणात राहिला. मामींनी तेव्हाच सांगून टाकलं, "मरायचंच असेल तर मोठ्या रस्त्यावर मरू." त्यानंतर मामा दर खेपेला डॉर्सेटची पाटी वाचत आणि पुढची विल्टशरची पाटी पडलेल्या आवाजात पुकारत.

गेल्या वसंतात ते दोघं मुलीकडे निघाले. जाताना क्रम उलटा, पण मामा पाट्या तरीही पुकारत. नदीवरचा पूल ओलांडला, कॉर्नवॉलची पाटी गेली, आणि मामा काही बोलले नाहीत. मामी वाट बघत राहिल्या. पुढचं गाव गेलं, त्याच्या पुढचं माळरान गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, कॉर्नवॉल लागलं."

"कधी?" मामा म्हणाले.

मामींनी हे मला नंतर सांगितलं. ट्रुरोला पोहोचल्याबरोबर त्यांनी मुलीला स्वयंपाकघरात बोलावून एवढंच सांगितलं, "ह्यांनी पाटी बघितली नाही." मुलीने तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना डोळे तपासायला घेऊन गेली. काचबिंदू निघाला. समोरचं चांगलं दिसत होतं, पण दोन्ही डोळ्यांच्या कडा हळूहळू गेल्या होत्या, आणि त्या गेल्याचं मामांनाही कळलं नव्हतं, किंवा कळलं असेल तर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काउंटीच्या पाट्या नेमक्या कडेला असतात. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून निक्षून सांगितलं.

मुलीचा मला फोन आला. "जिजू, तू येऊन बाबाचा गाडी घेऊन जाशील? बाबा खूप शांत झाली आहे. मला भीती वाटतो." एरवी मी तिचे 'तो-ती' दुरुस्त करतो. त्या दिवशी नाही केले. ट्रेन पकडून ट्रुरोला गेलो.

निघताना मामांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि "क्लच जरा वर धरतो" इतकंच म्हणाले. मग डावीकडे माझ्या जागेवर जाऊन बसले. बेल्ट शोधायला त्यांना वेळ लागला. नदीच्या पुलावर मी घसा साफ करून "डेव्हन" म्हणालो. "दिसलं," मामा म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं, पाटी त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागे जाऊन संपली होती. पुढे मागच्या सीटवरून आवाज आला, "सॉमरसेट." आयुष्यात मामींनी पहिल्यांदा पाटी पुकारली होती. मामा चपापले.

डॉर्सेट जवळ आलं तशी मामांनी मान खाली घातली. तेवढ्यात मामी म्हणाल्या, "जावईबापू, पुढच्या एक्झिटला डावीकडे."

"तो रस्ता घरी जात नाही," मामा म्हणाले.

"माहीत आहे."

"अरुंद आहे. ट्रॅक्टर असतात."

"माहीत आहे. वरच्या अंगाने सॉमरसेटमधून थेट विल्टशरमध्ये निघतो, मध्ये डॉर्सेट लागत नाही. इतकी वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी?"

मी डावीकडे वळलो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर कुंपणं, रस्त्याच्या मधोमध उगवलेलं गवत, आणि कुठल्याही गाडीला वाट द्यायची सवय नसलेला एक फेजंट पक्षी. आम्ही चालीच्या वेगाने जात होतो. बराच वेळ गेल्यावर मामांनी विचारलं, "पाटी?"

"नाही दिसली, मामा."

मामी मागून काचेला नाक लावून बघत होत्या. "मलाही नाही." एवढ्याशा रस्त्याला पाटी लावायची कौन्सिलला काय गरज?

"मग कळणार कसं?" मामा म्हणाले. आवाज लहान झाला होता.

समोरून गमबूट घातलेली एक बाई कुत्रा घेऊन येत होती. मी गाडी थांबवली. मामा उतरले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि अत्यंत अदबीने इंग्रजीत विचारलं, "मॅडम, ही कुठली काउंटी?" बाईंनी त्यांच्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. असा प्रश्न रोज कुणीतरी विचारतं अशा थाटात म्हणाल्या, "विल्टशर. मागे ते पांढरं फाटक लागलं ना, तिथपर्यंत सॉमरसेट."

"आणि डॉर्सेट?"

"ते खाली, मोठ्या रस्त्याकडे. तुम्हाला तिकडे जायचंय का?"

"नाही," मामा म्हणाले. "मुळीच नाही."

बाई कुत्र्याला आवरायला बाजूला सरकल्या. मामा तसेच समोर बघत उभे होते. समोर कुंपणापलीकडे गव्हाचं हिरवं शेत होतं. "सी, डी, एस, डब्ल्यू," ते हळूच म्हणाले. मग मला म्हणाले, "फार सज्जन बाई. आभार मानायचे राहिले. गेली वाटतं."

बाई त्यांच्या डाव्या हाताला, कोपर लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. कुत्रा मामांचा बूट हुंगत होता.

मामी गाडीतून उतरल्या. त्यांनी मामांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि त्यांना अलगद डावीकडे वळवलं. "इथे आहेत त्या," म्हणाल्या. मामांनी बाईंचे आभार मानले, मग जरा खाली बघून कुत्र्याचेही मानले. गाडीत बसल्यावर मामींनी थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे दिला आणि मामा तो दोन्ही हातांनी धरून प्यायले.

पुढे आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. उन्हं कलली. हॅम्पशरची पाटी लांबून दिसली तेव्हा मी सवयीने तोंड उघडलं, आणि आरशात मामी नको म्हणून मान हलवताना दिसल्या. मी तोंड मिटलं. पाटी डावीकडून निघून गेली.

बेसिंगस्टोक म्हणजे राउंडअबाउटचं गाव. आम्ही एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गरगरत होतो, तेव्हा सीटला डोकं टेकून, डोळे मिटून मामांनी विचारलं, "अजून विल्टशरच ना?"

"हो," मामी मागून म्हणाल्या. "विल्टशरच."