वरणाइतकी हवा

रुक्मिणीचं वरण सुरतेतल्या डिंडोलीतून निघताना डब्यात असायचं आणि भेस्तानला पोचेपर्यंत सायकलच्या कॅरियरवर. बावीस डबे मागे बांधून ती लूमच्या कारखान्यांत पोचवायची. कामगार डबा उघडायचे तर पोळ्या पिवळ्या आणि वाटी कोरडी. तक्रार व्हॉट्सॲपवर फोटोसकट आली, तेव्हा तिनं वरण घट्ट केलं. मग लोक म्हणाले, मावशी, आम्ही पिठलं मागितलं नव्हतं.

ती मूळची पारोळ्याकडची. नवरा निंबा गुडघे धरून घरी बसला तेव्हा चाळिशीत सायकल शिकली. चाकं दगडासारखी हवीत, असं शिकवणाऱ्यानं सांगितलं होतं, आणि ते तिनं एखाद्या व्रतासारखं पाळलं. रोज सकाळी नाक्यावरच्या रामदासच्या दुकानात ती हवा ठासून भरून घ्यायची.

एकदा घाईत ती तशीच निघाली. मागचं चाक अर्धं बसलं होतं. भेस्तानला डबे उतरवले तर एक थेंब सांडलेला नव्हता. ती हरखली. पण कालचे बावीस रिकामे डबे घेऊन परतताना एका खड्ड्यात चाक दाणकन आदळलं आणि फुस्स झालं. रामदासनं ट्यूब पाण्यात धरली. शेजारी शेजारी दोन भोकं, सापानं डसल्यासारखी.

"आक्का, ओझं जास्त, हवा कमी. रिमनं ट्यूब चावली," बीडकडचा रामदास म्हणाला. "कडक भरली तर सायकल उसळती, ढिली भरली तर हे असं. मधी कुठंतरी तुमची हवा हाय."

"रस्ता मन्हं वरण पी ऱ्हायना भाऊ," ती म्हणाली. "वरण रस्त्याला पाजायला नाही केलं. शोधा ती हवा."

"कशानं शोधू?"

हवा मोजायचा त्याचा काटा तीन वर्षांपासून नव्वदवर अडकला होता. अंगठ्यानं दाबून बघावं, तर सोल्युशन लावून लावून अंगठ्याची कातडी मेलेली. रुक्मिणीनं घरून एक वाटी आणि पातेलंभर वरण आणलं.

बावीस भरलेल्या डब्यांवर ती वाटी बांधली आणि ती गल्लीतल्या चार गटारांच्या झाकणांवरून सायकल चालवू लागली. दर फेरीला रामदास थोडी हवा सोडायचा आणि वाटी पुन्हा काठोकाठ भरायचा. अकराव्या फेरीला वरण नुसतं थरथरलं, सांडलं नाही, आणि रिमही टेकली नाही. पुढच्या चाकावर ओझं कमी, म्हणून तिथं आणखी थोडी कमी. मग दोघांनी ते वरण भाकरीबरोबर खाल्लं.

आठवड्यात रामदासच्या दुकानावर पाटी लागली: कढी, वरण, पिठलं. जी हवा भरल्यावर जे सांडत नाही, ते तिचं नाव. हलक्या माणसाला कढी, साडीचे गठ्ठे नेणाऱ्याला पिठलं. एक गठ्ठेवाला काका अडून बसला. "आमच्यात लसूण चालत नाही." रामदासनं त्याला बिनलसणाचं पिठलं भरून दिलं. सायकल हलकी चालते, असं काकानं चार जणांना सांगितलं.

आता रोज सकाळी रुक्मिणीच्या वरणाची वाटी घेऊन मापं तपासायची, असा रामदासनं नेमच केला. आणि त्याच सुमारास रुक्मिणी भाचीच्या लग्नाला आठ दिवस पारोळ्याला गेली.

डबे सून हर्षदाकडे आले. ती सुरतेत जन्मलेली, घरात मराठी आणि भांडताना गुजराती बोलणारी. तिच्या वरणात गूळ, शेंगदाणे आणि पुष्कळ पाणी. रामदासनं इमानानं त्याच वरणाची वाटी बांधली. ते सांडलं. त्यानं हवा कमी केली. पुन्हा सांडलं. आणखी कमी केली. चार दिवसांत त्याच मापानं निम्मी डिंडोली लिबलिबीत चाकांवर फिरू लागली आणि दुकानात एकोणीस सर्पदंश आले. वरणाचा संशय रामदासला आलाच नाही. त्यानं गटाराची झाकणं बदलली का, याची चौकशी केली.

रुक्मिणी परतली ती थेट दुकानात. तिनं वाटीत बोट बुडवून चाखलं.

"हे वरण नाही. हळद लावून आंघोळ केलेलं पाणी आहे. याच्या मापानं हवा भरली तर माणूस रिमवरच फिरंल."

पाटीवर ओळ वाढली: वरण म्हणजे एक वाटी तूरडाळ, चार वाट्या पाणी, गूळ नाही.

हर्षदानं ती वाचली. "मम्मी, पण आठ जणांनी सांगितलंय, दाळ अशीच पाठवा."

तिसऱ्या दिवशी रुक्मिणीनं रामदासकडून एक जुनी लेडीज सायकल नीट करून घेतली आणि हर्षदाच्या हातात दिली. त्या पातळ दाळीला हवा फारच कमी लागायची, म्हणून त्या सायकलवर आठच डबे. पाटीवर कढीच्याही वर 'हर्षदा' असं नवं माप आलं. ते मागणाऱ्याला रामदास आधी वजन विचारतो. बायका सांगत नाहीत, पुरुष कमी सांगतात.

सासू-सून रोज साडेदहाला निघतात. ढिल्या चाकाला जोर लागतो, त्यामुळे हर्षदा मागं पडते. भेस्तानच्या वळणावर रुक्मिणी उतरून उभी राहते, आणि वाट बघतेय असं दिसू नये म्हणून साखळी तपासत बसते.